डोकेदुखीची विचारपूस हीच पहिली तपासणी

खान्देशातल्या कोणत्याही तालुक्याच्या गावी डोकेदुखीच्या उपचारांचा विषय निघाला की वाद ठरलेल्या दोन वाटांनी जातो. एक बाजू म्हणते की डॉक्टर मंडळी साध्या डोकेदुखीलाही स्कॅन लिहून देतात, कारण स्कॅन सेंटरकडून त्यांना कट मिळतो. दुसरी बाजू म्हणते की सरकारी दवाखान्यात डोक्याचा फोटो न काढता नुसते चार प्रश्न विचारून गोळ्या हातावर ठेवतात, गरिबाच्या डोक्याची किंमत एवढीच का, आणि म्हणून प्रत्येक तालुक्याला सीटी स्कॅनचे यंत्र मिळालेच पाहिजे. दोघांच्याही रागाला कारण आहे. कट प्रॅक्टिस ही कपोलकल्पित गोष्ट नाही आणि रुग्णांची हेळसांडही कपोलकल्पित नाही. तरीही हा वाद मला मुळातच फसलेला वाटतो, कारण एकमेकांवर तुटून पडणाऱ्या या दोन्ही बाजूंनी एक गोष्ट न तपासता मान्य करून टाकली आहे. रुग्णाला प्रश्न विचारणे म्हणजे तपासणी नव्हे, खरी तपासणी यंत्रात होते, हे ते गृहीतक. डोकेदुखीच्या बाबतीत वस्तुस्थिती याच्या उलट आहे. रुग्णाची नीट घेतलेली हकीकत हीच इथली मुख्य तपासणी असून यंत्र लावायचे की नाही, लावायचे तर कोणते आणि किती तातडीने, हे तीच ठरवते. लोकांनी सरकारकडे आणि डॉक्टरांकडे हक्काने काही मागायचे असेल, तर आधी या तपासणीसाठी लागणारा वेळ मागावा, असे माझे ठाम मत आहे.

मोडलेले हाड फोटोत दिसते आणि रक्तातली साखर मोजता येते, पण डोकेदुखीच्या बहुतेक प्रकारांत दिसण्याजोगे किंवा मोजण्याजोगे काही नसतेच. आंतरराष्ट्रीय डोकेदुखी संघटनेच्या वर्गीकरणाची तिसरी आवृत्ती २०१८ साली प्रसिद्ध झाली. त्यात अर्धशिशीची, म्हणजे मायग्रेनची, जी लक्षणे दिली आहेत ती एकूण एक विचारूनच कळणारी आहेत. असे झटके आजवर निदान पाच वेळा आले का, औषध न घेतल्यास झटका चार ते बहात्तर तास टिकतो का, दुखणे एका बाजूला आणि ठणकणारे आहे का, जिना चढल्याने किंवा कामाला लागल्याने ते वाढते का, मळमळते का, उजेड आणि आवाज सोसवत नाही का. ताणाची डोकेदुखी दोन्ही बाजूंनी पट्टा आवळल्यासारखी असते आणि हालचालीने वाढत नाही. क्लस्टर नावाचा प्रकार एकाच डोळ्याभोवती पंधरा मिनिटे ते तीन तास असह्य दुखतो, त्याच बाजूचा डोळा लाल होऊन पाणी गळते. अर्धशिशीचा रुग्ण अंधाऱ्या खोलीत पडून राहतो, तर क्लस्टरचा रुग्ण येरझारा घालतो. ‘दुखत असताना तुम्ही काय करता?’ एवढ्या एका प्रश्नाने जो फरक कळतो, तो जगातले कोणतेही स्कॅन दाखवू शकत नाही. आपल्याकडे वाग्भटाने रुग्णपरीक्षेची दर्शन, स्पर्शन आणि प्रश्न अशी तीन अंगे सांगितली, त्यात प्रश्नाला इतर दोघांच्या बरोबरीचे स्थान आहे. ते स्थान आपण कधी आणि का काढून घेतले?

प्रत्यक्षात काय घडते, याचे एक उदाहरण सविस्तर देतो. तापीकाठच्या एका गावातून, केळीच्या बागांत मजुरीला जाणारी पस्तिशीतली एक बाई माझ्याकडे आली होती. सोबत प्लास्टिकच्या पिशवीत जाडजूड फाईल होती. त्यात मेंदूचे दोन स्कॅन होते, दोन्ही निर्दोष. ‘सायनस’ म्हणून काढलेला एक्स-रे होता, चष्म्याचा नंबर बदलल्याच्या चिठ्ठ्या होत्या. एवढ्या कागदांत तिच्या दुखण्याचे वर्णन करणारे शब्द मात्र दोनच होते, ‘डोके दुखते’. मी विचारले, ‘ताई, महिन्यातले कोणते दिवस डोकं दुखत नाही?’ ती विचारात पडली आणि म्हणाली, ‘असा दिवसच नाही.’ मग मागे मागे जात विचारत गेलो. तीन वर्षांपूर्वी महिन्यातून दोनदाच दुखायचे, अर्धेच डोके, पाळीच्या आधी हमखास, उलटी झाली की बरे वाटायचे. रोज दुखायला कधी लागले? कामाचा खाडा परवडेना म्हणून दुखण्याआधीच गोळी घ्यायला लागल्यापासून. कोणती गोळी, म्हटल्यावर तिने पिशवीच्या तळातून मेडिकलमधून सुट्ट्या घेतलेल्या मिश्र वेदनाशामक गोळ्यांच्या अर्धवट फाडलेल्या पट्ट्या काढून टेबलावर मांडल्या. एक पहाटे चूल पेटवण्याआधी, एक बागेत जाताना. निदान त्या पट्ट्यांत होते. अशा मिश्र गोळ्या महिन्यातून दहा किंवा अधिक दिवस, तीन महिन्यांहून जास्त काळ घेतल्या, तर त्या गोळ्याच रोजची डोकेदुखी निर्माण करतात, आणि साध्या वेदनाशामकांच्या बाबतीत ही मर्यादा महिन्याला पंधरा दिवसांची आहे. उपाय गोळ्या थांबवण्याचा होता, थांबवल्यावर काही दिवस त्रास वाढेल हे आधी सांगण्याचा होता आणि मुळातल्या अर्धशिशीला प्रतिबंधक औषध देण्याचा होता. ‘सायनस’ची कथाही वेगळी नाही. अमेरिकेत २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, आपल्याला सायनसची डोकेदुखी आहे असे मानणाऱ्या २९९१ जणांची पद्धतशीर चौकशी केली, तेव्हा ८८ टक्के लोकांचे दुखणे मायग्रेनच्या प्रकारातले निघाले.

आता विरोधातला सर्वांत वजनदार मुद्दा. डोक्यात गाठ असेल तर? हजारात एखाद्याच्याच डोक्यात ती असेल, पण तो एक माझा भाऊ असेल तर? ही भीती खरी आहे, आणि मेंदूतल्या गाठीची डोकेदुखी कधी कधी अगदी ताणाच्या डोकेदुखीसारखी वागते, हेही मला मान्य आहे. विचारपूस अचूक असते असा माझा दावा नाही. पण या मुद्द्यामागे जे समजले जाते, की यंत्रातून काढले म्हणजे धोका टळला, ते घातक आहे. डोकेदुखीची कित्येक धोकादायक कारणे साध्या सीटी स्कॅनमध्ये दिसत नाहीत. बाळंतपणानंतरच्या आठवड्यांत मेंदूच्या शिरांत रक्ताची गुठळी होऊ शकते. काही घरांत बाळंतिणीला पाणी कमी देण्याची रीत अजून आहे, तिथे ही शंका अधिकच घ्यायला हवी. साधा स्कॅन अशा वेळी निर्दोष येऊ शकतो, शिरांचा वेगळा स्कॅन मुद्दाम मागवावा लागतो, आणि बाळंतपण कधी झाले हे विचारलेच नाही तर तो मागवणार कोण? क्षयाच्या मेंदूज्वरात सुरुवातीला स्कॅन स्वच्छ असू शकतो, तेव्हा दोन-तीन आठवड्यांचा बारीक ताप आणि उतरलेले वजन हेच सांगणारे असते. काचबिंदूच्या झटक्यात डोके भयंकर दुखते, उलट्या होतात आणि दिव्याभोवती रंगीत वलये दिसतात, पण मेंदूच्या फोटोत त्यातले काहीच येत नाही. पन्नाशीनंतर प्रथमच सुरू झालेल्या डोकेदुखीत कानशिलाची धमनी सुजलेली असू शकते. हा आजार आपल्याकडे विरळ आहे, पण वेळेत स्टेरॉइड दिले नाही तर दृष्टी जाते. कळण्याची भाकरी चावताना जबडा भरून येतो का, केस विंचरताना टाळू दुखते का, हे म्हाताऱ्या माणसाला विचारायला क्षणभर पुरतो.

जिथे स्कॅन खरोखर जीव वाचवतो, तिथेही त्याचा अर्थ हकिकतीवरच लागतो. कडाडून वीज पडावी तशी सुरू झालेली आणि मिनिटाच्या आत कळसाला गेलेली डोकेदुखी म्हणजे मेंदूवरच्या आवरणाखाली रक्तस्राव झाल्याची शंका. पहिल्या सहा तासांत केलेला सीटी स्कॅन हा रक्तस्राव जवळजवळ हमखास पकडतो, पण जसजसा काळ जातो तशी त्याची खात्री उतरते आणि मग पाठीच्या मणक्यातले पाणी तपासावे लागते. म्हणजे रिपोर्टवर किती विसंबायचे हे ‘नेमके किती वाजता सुरू झाले?’ या प्रश्नाच्या उत्तरावर अवलंबून असते. सीटी स्कॅनचा इतिहासही हेच सांगतो. १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनच्या ॲटकिन्सन मॉर्ले रुग्णालयात पहिल्या रुग्णाचा स्कॅन झाला, तेव्हा त्या बाईच्या मेंदूच्या पुढच्या भागात गाठ असावी असा संशय डॉक्टरांना आधीपासून होता आणि यंत्राने तो खरा ठरवला. ज्या शोधासाठी १९७९ साली हौन्सफील्ड आणि कॉर्मॅक यांना नोबेल पारितोषिक मिळाले, तो शोध पहिल्या दिवसापासून आधी विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर देत आला आहे. प्रश्नच न ठरवता यंत्रात घातलेला रुग्ण बहुधा ‘नॉर्मल’ शिक्का घेऊन बाहेर येतो, आणि त्याचे दुखणे मात्र तसेच राहते.

विचारपुशीचे आणखी एक सामर्थ्य खान्देशासाठी विशेष महत्त्वाचे आहे. इटालियन वैद्य बर्नार्डिनो रामाझिनी याने १७०० साली कामगारांच्या रोगांवर ग्रंथ लिहिला आणि हिप्पोक्रेटसने सांगितलेल्या प्रश्नांत एका प्रश्नाची भर घालायला सांगितले: तुझा धंदा काय? पुढे डायनामाइटच्या कारखान्यांत काम करणाऱ्यांना नायट्रोग्लिसरीनमुळे डोकेदुखी व्हायची. आठवडाभरात शरीराला सवय होई, सुटीत ती सवय मोडे आणि सोमवारी डोके पुन्हा फुटायला लागे. वार विचारल्याशिवाय ते कारण सापडण्याजोगे नव्हते. आपल्याकडे कपाशीवर पाठीवरच्या पंपाने फवारणी करणारा माणूस संध्याकाळी डोके धरून येतो. त्याला घाम, लाळ, अंधुक दिसणे हेही आहे का, बाहुल्या बारीक झाल्या आहेत का आणि आज कोणते औषध फवारले, हे न विचारता त्याला वेदनाशामक देऊन घरी पाठवणे म्हणजे कीटकनाशकाची विषबाधा नजरेआड करणे आहे. यवतमाळ जिल्ह्यात २०१७ च्या हंगामात फवारणीने किती शेतकरी-मजुरांचे बळी घेतले, हे आपण पाहिले आहे. सातपुड्यात हिवाळ्यात बंद खोलीत शेगडी पेटवून झोपणाऱ्या कुटुंबात कार्बन मोनॉक्साइडमुळे सकाळी डोकी दुखतात. ‘घरात आणखी कोणाचं डोकं दुखतंय का, आणि बाहेर आल्यावर थांबतं का?’ हा प्रश्न तिथे सगळ्या कुटुंबाचा जीव वाचवतो. लंडनमध्ये १८५४ साली जॉन स्नोने घरोघर जाऊन पाणी कुठून आणता असे विचारत कॉलऱ्याचा माग एका पंपापर्यंत काढला, तेव्हा त्या रोगाच्या जंतूला अजून वैद्यकशास्त्रात मान्यता नव्हती. विचारून कारण शोधणे ही गरिबांवर भागवलेली दुय्यम प्रत आहे, असे त्यानंतर तरी कोणी म्हणू नये.

‘हे सगळे ठीक, पण ओपीडीत शे-दीडशे केसपेपर पडलेले असताना वेळ आणायचा कुठून?’ असे माझे सरकारी सेवेतले मित्र विचारतात, आणि त्यांची अडचण मी हसण्यावारी नेणार नाही. वैद्यकीय नियतकालिकातल्या २०१७ च्या एका आढाव्यात ६७ देशांतील डॉक्टर एका रुग्णाला किती वेळ देतात याची तुलना होती: बांगलादेशात ४८ सेकंद, स्वीडनमध्ये साडेबावीस मिनिटे. जगातल्या सुमारे निम्म्या लोकसंख्येला पाच मिनिटे किंवा त्याहूनही कमी वेळ मिळतो, आणि आपण त्या निम्म्यात आहोत. मात्र वेळ असूनही ऐकून घेतले जात नाही, हेही सिद्ध झालेले आहे. १९८४ च्या अमेरिकेतल्या एका प्रसिद्ध अभ्यासात रुग्ण बोलायला लागल्यापासून सरासरी १८ सेकंदांत डॉक्टर त्याला तोडत होते. उलट १९७५ साली ब्रिटनमध्ये ८० नव्या रुग्णांचा अभ्यास झाला, त्यात ६६ जणांचे निदान फक्त पाठवणीचे पत्र आणि रुग्णाची हकीकत यांवरून बरोबर आले होते. मग गर्दीत काय करावे? पहिल्या भेटीत धोक्याच्या खुणांचे प्रश्न विचारायला दोन मिनिटे पुरतात: अचानक सुरू झाले का, पन्नाशीनंतर नव्याने का, ताप किंवा मान आखडणे, हातापायातली ताकद जाणे, फिट, अलीकडचा मार, बाळंतपण, कर्करोग किंवा रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या. यातले काही नसेल, तर रुग्णाला महिनाभराने ठरलेल्या वारी, दुपारच्या वेळेला बोलवावे आणि तोवर घरच्या कालनिर्णयवर खूण करायला सांगावे, दुखले त्या दिवशी टिंब आणि गोळी घेतली त्या दिवशी रेघ. लिहिता न येणाऱ्यालाही ते जमते. श्रावणातल्या सोमवारी आणि एकादशीला टिंबे दिसली तर उपाशी राहण्याचा संबंध कळतो, मे महिन्यातल्या भरदुपारी दिसली तर उन्हाचा आणि पाण्याचा, पाळीच्या आधी दिसली तर त्याचा. रेघा टिंबांइतक्याच झाल्या असतील तर गोळ्यांचा. अशा एका भेटीने ज्या रुग्णाचे वारंवार येणे थांबते, त्याचा वाचलेला वेळ ओपीडीच्याच खात्यात जमा होतो.

दुसरा आक्षेप रुग्णांविषयी आहे. लोक नीट सांगत नाहीत, विसरतात, प्रश्नाला भलतेच उत्तर देतात. हे खरे आहे, पण त्याची कारणे पाहिली तर दोष बहुतेक वेळा विचारणाऱ्याच्या बाजूला सापडतो. सासू शेजारी उभी असताना सुनेला पाळीचा प्रश्न विचारला तर ती मान खाली घालणारच. नवऱ्याने डोक्यात मारलेला तडाखा ती ‘मोरीत पडले’ असाच सांगणार. सोबतच्या माणसांना पाच मिनिटे बाहेर बसवणे हा औषधोपचाराचाच भाग आहे, हे आपल्या दवाखान्यांत अजून रुजायचे आहे. म्हातारा महिन्यापूर्वी ओट्यावरून घसरला हे सांगणार नाही, कारण त्याला ते दुखण्याशी संबंधित वाटतच नाही, पण मेंदूवर हळूहळू साचणारे रक्त अशाच किरकोळ पडण्यातून येते आणि आठवड्यांनंतर डोकेदुखी नि गोंधळलेपणा बनून समोर येते. भाषेचेही तसेच. अहिराणीत, लेवा बोलीत, पावरीत किंवा भिलीत बोलणाऱ्या माणसाकडून शहरी प्रमाण मराठीत उत्तर मागितले, की तो एका शब्दात आटोपतो. धडगाव-अक्कलकुव्याच्या आरोग्य केंद्रात दुभाष्याचे काम करणारी स्थानिक नर्स किंवा आशाताई ही स्कॅनच्या यंत्राइतकीच निदानाची साधने आहेत. एमबीबीएसच्या अभ्यासक्रमात २०१९ पासून संवादकौशल्याचा समावेश झाला, ही चांगली सुरुवात आहे, पण खान्देशात काम करणाऱ्या डॉक्टराला रुग्णाची बोली समजेल याची तजवीज वेगळी करावी लागेल.

सातपुड्याचा विषय निघाला, तेव्हा यंत्राची मागणी करणाऱ्यांचे एक म्हणणे मी पूर्णपणे मान्य करतो. नंदुरबारच्या डोंगरातला रुग्ण सुरतेला किंवा नाशिकला नेईपर्यंत हातचा जातो, हा अन्याय आहे आणि जिल्ह्याच्या ठिकाणी चोवीस तास चालणारा स्कॅन असलाच पाहिजे. पण मोलगीत रात्री दहा वाजता डोके दुखतेय म्हणून आलेल्या माणसाला १०८ मध्ये घालून डोंगर उतरवायचा की सकाळपर्यंत थांबायचे, हा निर्णय यंत्रापाशी होत नाही, तो आरोग्य केंद्राच्या खाटेपाशी होतो. सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचा रुग्ण आहे का, हे विचारल्याशिवाय तो निर्णय नीट होणारच नाही, कारण या आजारात मेंदूच्या रक्तवाहिन्या बंद पडण्याचा धोका असतो आणि नव्याने उठलेली तीव्र डोकेदुखी त्याची पहिली खूण असू शकते. सिकलसेल निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान जुलै २०२३ मध्ये सुरू झाले, घरोघर तपासण्या झाल्या, कार्डे वाटली गेली. डोकेदुखीच्या रुग्णाला ते कार्ड दाखवायला सांगणे हाही हकीकत घेण्याचाच भाग आहे. यंत्र जितके लांब, तितकी विचारपूस महत्त्वाची.

शेवटी डॉक्टरांची बाजू. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९५ च्या निकालाने वैद्यकीय सेवा ग्राहक संरक्षण कायद्याखाली आली, तेव्हापासून ‘एक स्कॅन करून ठेवलेला बरा’ ही वृत्ती वाढली. मार्च २०१७ मध्ये धुळ्यात डोक्याला मार लागलेल्या रुग्णाच्या नातेवाइकांनी निवासी डॉक्टरवर जीवघेणा हल्ला केला आणि राज्यभरातले निवासी डॉक्टर सामूहिक रजेवर गेले. अशा वातावरणात काम करणाऱ्याला ‘स्कॅन लिहू नका’ असा उपदेश करण्याचा अधिकार मला नाही. पण कोर्टात डॉक्टराला वाचवणारी वस्तू कोणती? धोक्याच्या खुणा एकेक विचारल्या, त्या नव्हत्या, कोणत्या लक्षणाला परत यायचे ते रुग्णाला समजावले, अशी तारखेसह लिहिलेली केसपेपरवरची नोंद. कोऱ्या केसपेपरला जोडलेला निर्दोष स्कॅन, दहा दिवसांनी रुग्ण मेंदूज्वराने दगावला तर, त्याच डॉक्टरच्या विरोधातला पुरावा ठरतो.

म्हणून माझी मागणी लहान आणि नेमकी आहे. जळगाव, धुळे आणि नंदुरबारच्या सरकारी रुग्णालयांत, तसेच खासगी सेंटरांतही, डोक्याच्या स्कॅनसाठी पाठवताना जी चिठ्ठी लिहिली जाते तिच्यावर ‘डोकेदुखी’ एवढाच शब्द स्वीकारला जाऊ नये. दुखणे कधी आणि कसे सुरू झाले, धोक्याची कोणती खूण आढळली, महिन्यात किती दिवस कोणत्या गोळ्या घेतल्या आणि स्कॅनमधून नेमके काय पाहायचे आहे, हे चार रकाने भरलेले असावेत. अपघात, बेशुद्धी आणि अचानक उठलेली डोकेदुखी यांना यातून सूट असावी, बाकी चिठ्ठी कोरी असेल तर रेडिओलॉजिस्टने ती परत पाठवावी. खासगी डॉक्टराने या विचारपुशीची फी उघडपणे घ्यावी आणि रुग्णाने ती खळखळ न करता द्यावी. सलाईनच्या बाटलीला आपण पैसे मोजतो, तर अर्धा तास लक्ष देऊन ऐकणाऱ्याला का मोजू नयेत? आणि जो लोकप्रतिनिधी तालुक्याला यंत्र आणल्याचा फलक लावतो, त्याला लोकांनी त्याच सभेत विचारावे की या यंत्रापर्यंत पोहोचण्याआधी माझे ऐकून घेणाऱ्या डॉक्टरची जागा भरली का, आणि ती किती दिवसांपासून रिकामी आहे.